झाडाला बांधलेला पुठ्ठा

आये, तू गेलीस त्याला बारा वर्सं झाली आणि तुझा पारिजातक आता पत्र्याच्या वर गेलाय. सकाळी अंगणभर फुलं पडतात, वासानंच जाग येते. कंबरेच्या दुखण्यावर तू त्याच्याच पाल्याचा काढा द्यायचीस, पण कुटायचीस दार लावून. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो, असं तुझं म्हणणं. मी शाळेत जाऊन नाव सांगितलं तेव्हा तू एक पान माझ्या तोंडात कोंबलंस. खरखरीत, कडू, जीभ सोलली पार. "आता घे नाव," म्हणालीस आणि तूच हसायला लागलीस.

तरी मी काय सुधारलो नाय. आता टेंपो चालवतो. पहाटे नेरळला भाजी टाकून येतो, जरा आडवा झालो की तुझा काढा मागायला पोशीर गावभरच्या कंबरा दारात. म्हणून मागच्या महिन्यात झाडाला पुठ्ठा बांधला: 'कंबरेचं औषध हेच हाय. पाला तोडा, उकळा, प्या. मला उठवू नका.' आठवडाभर झकास झोपलो.

मग शेजारची काकी लंगडत आली. कंबरेपासून टाचेपर्यंतची तिची कळ तुझ्याच काढ्यानं बसायची. आता तोच पाला घरी उकळून पिते, पण फरक नाय. "आयशीनं ठेवलेला गुण घालवलास रं मेल्या. आता कापणीला वाकू कशी मी?" एवढंच बोलली आणि पायरीवर बसली. माझ्याच चेष्टेचं मला पयल्यांदा हसू नाय आलं.

डोकं चालवलं. म्हटलं, "काकी, पुठ्ठा लोकांना फसवायला हाय. आयचा खरा पाला येगळा, डोंगरातनं आणायला लागतो. नाव इचारायचं नाय."

"मला वाटलंच. तुझी आय एवढी भोळी नव्हती."

टेंपो घेऊन उगाच दहिवलीपर्यंत जाऊन आलो. मागच्या दारानं आपलाच पाला तोडला, कुटला, वास बदलायला ओवा टाकला. आठ दिवसांत काकी शेतात वाकली. आता परत सगळ्या कंबरा दारात, आणि पारिजातकाला कोण हात लावत नाय.

हे पत्र टाकायचं कुठं, ते काय मला ठाऊक नाय. पण गुणबिण काय नसतो आये, पाला तोच, हे मी छातीठोक सांगतो. फक्त काल माझीच कंबर धरली. घरात मी एकटा. तरी कुटायच्या आधी दाराला कडी लावली.