भगवानराव आणि पार्टी

प्रिय गजराआत्या,

तुला जाऊन सहा वर्षं झाली आणि आज मी तुला पहिलं पत्र लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तेव्हा कधी लिहिलं नाही. आता लिहितेय कारण राग पोटात मावेना झालाय आणि तो जिच्यापुढे ओकावा अशी तूच एक होतीस. तात्यांशी माझं चार दिवस बोलणं बंद आहे.

गेल्या रविवारी बारामतीत तुझ्या गाण्याचा सत्कार झाला. सभागृह भरलेलं. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र, सगळं साग्रसंगीत. आणि ते घेतलं कुणी? तुझ्या भावानं! माझ्या बापानं!

वर ते सन्मानपत्र छापलंय माझ्याच दुकानात. कॉलेजसमोरचं माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान तू पाहिलं होतंस, त्याला ‘कागदाची गिरण’ म्हणायचीस. तिथं ओंकार नावाचा एक दाढीवाला इंजिनिअर आला. बिचारा फार अदबीनं बोलतो. म्हणाला, ‘ताई, आमचा जुन्या कॅसेटवेड्यांचा ग्रुप आहे. एका थोर लोकगायकाचा सत्कार करतोय, मजकूर टाईप करून द्याल का?’ मी कागद हातात घेतला. ‘वरकुटे येथील ज्येष्ठ गायक श्री. भगवानराव यांस’! मी त्याला म्हटलं, हे माझे वडील आहेत. तर तो उठला आणि चक्क माझ्या पाया पडला.

आत्या, तात्यांनी जन्मात आरतीसुद्धा कधी सुरात म्हटलेली नाही. तुला सांगायला नको.

ते कॅसेटचं मला सगळं आठवतंय. मी सातवीत होते. तू सणसरहून कांद्याच्या लागणीला माहेरी यायचीस, कारण तुझा हात चालायला लागला की बाकीच्या बायांचे हात आपोआप चालायचे. एकदा बाजारात रोपाच्या जुड्या विकताना तू गुणगुणत होतीस आणि कॅसेट काढणाऱ्या त्या माणसानं ऐकलं. त्याच्या कॅसेटच्या एका बाजूला थोडी टेप शिल्लक होती, ती भरायची होती त्याला. मार्केट यार्डामागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. तू डोक्यावरचा पदर पुढं ओढून बसलीस, डोळे मिटलेस आणि तुझ्या त्या जाड, घोगऱ्या आवाजात सुरू केलंस.

‘वाफ्यातलं रोप उपटिलं, न्येलं दुसऱ्या रानी,
धा दिस पिवळं पडलं, मग लागलं पानी.’

गाणं झालं. त्या माणसानं विचारलं, ‘कॅसेटवर नाव कुणाचं घालू, बाई?’ आणि तू काय म्हणालीस? ‘घाला की भावाचं. भगवान.’

का गं? का म्हणालीस तसं? आपल्याकडं बाया गाणं भावाच्या नावानं म्हणतात, कबूल. रानातल्या प्रत्येक गाण्यात कुणाचा ना कुणाचा भाऊ येतोच. पण ते रानात! कॅसेटच्या लेबलावर नव्हे! त्या माणसानं छापून टाकलं ‘भगवानराव आणि पार्टी’, खाली बारीक अक्षरात गाव, वरकुटे. पार्टी कोण होती त्या खोलीत? तू एकटी, मी, आणि भिंतीवरच्या गोधड्या.

पुढं मी मोठी झाल्यावर तुला एकदा विचारलं होतं. तू शेंगा फोडत होतीस. म्हणालीस, ‘सणसरला कळलं आसतं तर म्हनले आसते, बाई तमाशात गेली का काय. आन् नाव बदलल्यानं आवाज बदलतुय व्हय?’ मला तेव्हा ते उत्तर फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता नाही वाटत. नावानं आवाजसुद्धा बदलतो, आत्या. तुझा पार बाईचा पुरुष करून टाकलाय!

झालं असं, की पुण्याच्या कुणाला तरी ती कॅसेट भंगारात सापडली आणि त्यानं ती इंटरनेटवर चढवली. मग एका रॉक बँडनं ते गाणं गिटारवर घेतलं, मग दुसऱ्यानं घेतलं, आता म्हणे परदेशातलेसुद्धा कुणी वाजवतात. ओंकारनं मला दुकानात ऐकवलं. खोटं कशाला बोलू, तुझी चाल त्या गिटारवर वाजायला लागली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पोरांनी मन लावून वाजवलंय. त्यांच्यावर माझा राग नाही. नाही म्हणजे, फार नाही.

राग आहे तो त्या वाचाळ चाहत्यांवर. काय काय लिहितात! ‘हा एका एकाकी पुरुषाचा हंबरडा आहे.’ ‘धा दिस पिवळं पडलं म्हणजे अस्तित्वाची पोकळी.’ अरे बाबांनो, कांद्याचं रोप उपटून दुसरीकडं लावलं की दहा दिवस पिवळं पडतंच, वरकुट्यात कुणालाही विचारा! आणि ते रोप म्हणजे सासरी धाडलेली पोर, हे बाईमाणसाला एका ओळीत कळतं. यांना बारा वर्षं शिकून कळेना. मी ओंकारला म्हटलं, ‘हा बाईचा आवाज आहे.’ तर तो हसून म्हणाला, ‘ताई, संतांनीसुद्धा बाई होऊन लिहिलंय की.’

आणि ती मधली शांतता! पहिली ओळ झाली की तू थांबतेस ना, चार आकडे म्हणावेत इतका वेळ? तिच्यावर या लोकांनी लेख लिहिलेत. मौनाचं सौंदर्य आणि काय काय. एका बँडनं तिथं ड्रम बडवलेत, दुसऱ्यानं दिवे मालवून लोकांना श्वास रोखायला लावलाय. अगं, ती बायांची जागा होती! रानात तू ओळ टाकायचीस, मग वीस बाया ‘न्येलं गं न्येलं’ म्हणत रोपाची नवी मूठ हातात घ्यायच्या, आणि मग तुझी दुसरी ओळ. खोलीत बाया नव्हत्या, तरी सवयीनं तू त्यांच्यासाठी थांबलीस. मी त्या दिवशी खोलीत होते आणि लाजून गप्प बसले. मीच म्हणायला हवं होतं.

ओंकार या प्रकाराला बारामतीचा ब्लूज म्हणतो. अमेरिकेत कापसाच्या रानातले काळे मजूर असंच गायचे, त्याला ब्लूज म्हणतात म्हणे. त्यांची गाणी पुढं रॉकवाल्यांनी उचलली, बँडवाले मोठे झाले आणि मूळ गाणाऱ्यांतल्या कितीकांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नाहीत. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं! माझ्याच टेबलाशी बसून, माझ्या बापाचं नाव छापायला देऊन, तो अमेरिकेतल्या अन्यायावर हळहळत होता. मला हसावं की रडावं कळेना.

आता सत्काराचं ऐक. मला वाटलं होतं, तात्या स्टेजवर जाऊन खरं सांगतील. आदल्या दिवशी मी त्यांना तसं बजावलंही होतं. ते नुसते ‘बगू’ म्हणाले. नवा फेटा बांधून गेले. टाळ्या पडल्या. निवेदक म्हणाला, ‘तात्या, दोन ओळी होऊ द्या!’ मी दुसऱ्या रांगेत बसले होते. तुझ्या भावानं माईक हातात घेतला, गळ्याला हात लावला आणि म्हणाला, ‘आता आवाज गेला, पोरांनू.’

आवाज गेला! होता कधी? पण सगळं सभागृह उभं राहिलं, आत्या. काही पोरं रडत होती. आणि मीही उभी राहिले. लाज वाटते सांगायला, सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. गोधड्यांच्या खोलीत गप्प बसले होते तशीच तिथंही गप्प बसले.

घरी आल्यावर मात्र मी तोंड उघडलं. तात्या शालीची घडी घालत होते. म्हटलं, ‘तुम्हाला झोप कशी येते?’

‘म्या मागितलं न्हवतं,’ ते म्हणाले. ‘तिनंच दिलं मला ते नाव. भावाला दिलेलं परत करत्यात व्हय?’

‘तिनं नाव दिलं, तात्या. गळा नव्हता दिला.’

त्यांनी शालीची घडी पुन्हा उलगडली. मग हळूच म्हणाले, ‘शालन, ब्याऐंशी वर्सात मला कुनी हार घातला न्हाय. पयल्यांदा घातला. आता सांगितलं तर गाव हसंल मला. माज्या माघारी सांग की. तवर ऱ्हाऊ दे.’

मला क्षणभर कणव आली. खरंच आली. आयुष्यभर वाफे बांधले त्या माणसानं, एक हार मिळाला. पण तुला किती मिळाले? तू गेलीस तेव्हा सणसरला तुझ्या दहाव्याला तुझ्या गाण्याबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. तुझ्या मुलालासुद्धा माहीत नव्हतं, आईचा आवाज कॅसेटवर आहे म्हणून! मी त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘आयचा? तिला कवा गाताना ऐकली न्हाय आमी.’ सासरी तू जन्मभर गप्प राहिलीस आणि माहेरी गायलीस तर ते नाव भावाला देऊन आलीस. तुझ्यावरही राग आहे माझा, सांगून ठेवते. असं सगळं वाटून टाकतं का कुणी?

माघारी सांगायला वेळ नाही, हे तात्यांना कळत नाही. हे कॅसेटवेडे आता तुझ्या गाण्याची काळी तबकडी काढतायत, जुन्या काळची असते तशी. वर जाड पुठ्ठ्याचं कव्हर, त्यावर गायकाचं नाव. कॅसेटचं लेबल तरी चिकटवलेलं होतं, सोलून निघालं असतं. हे देशोदेशी जाणार. मूळ गायकाचं संमतीपत्र हवंय त्यांना, म्हणजे तात्यांची सही. गुरुवारी अकरा वाजता ओंकार माझ्या दुकानात येणार आहे, आणि कव्हरचा मजकूर लावायचं कामही माझ्याकडंच आहे.

मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘ताई, तुमचा आदर आहे, पण लेबलावर नाव त्यांचं आहे, आणि ते स्वतःही नाकारत नाहीत.’ म्हणजे गाठ परत तात्यांपाशीच. नाकारायला ते तयार नाहीत. मी चार दिवस ताट वाढून समोर ठेवते आणि न बोलता आत जाते.

आज सकाळी त्यांनीच अबोला सोडला. चहाचा कप खाली ठेवत विचारलं, ‘गजराचा फोटू हाय का तुज्याकडं?’ मी म्हटलं, नाही. म्हणाले, ‘मतदानाच्या कार्डावर आसंल. पर त्यात तिला कुनी वळखायचं न्हाय.’ एवढंच. सहीचं काढलं नाही. मीही विचारलं नाही, विचारलं असतं तर पुन्हा भांडण झालं असतं.

तर आत्या, तुला एक वचन देते. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘ऱ्हाऊ दे गं, म्हातारा हाय.’ पण या वेळी मी तुला विचारत नाहीये. गुरुवारी ओंकार येईल तेव्हा तात्या माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेले असतील, मी त्यांना हाताला धरून आणीन. त्यांच्यासमोर, त्यांच्या माघारी नव्हे, मी सांगीन की गाणारी कोण होती. मग त्यांना हो म्हणायचं असेल तर म्हणू देत, गप्प बसायचं असेल तर बसू देत. पण तुझ्या गाण्यावर दुसऱ्याचं नाव मी माझ्या हातानं लावणार नाही. तबकडी निघाली नाही तर न निघो! गाव हसलं तर मला हसेल, मी घेईन ऐकून.

कव्हर मी आत्ताच लावून ठेवलंय. पुढं नाव काय घालायचं, यावर तासभर अडले होते. वरकुट्याचं आडनाव घालू की सणसरचं? बापाचं नाव घालू की नवऱ्याचं? शेवटी सगळं खोडलं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर, मधोमध, माझ्या मशीनवर निघतील तेवढ्या मोठ्या अक्षरात आता एकच नाव आहे. गजराबाई. पुढंमागं कुणी नाही.

तुझ्यावर रागावलेली, तुझीच भाची,
शालन