गुरुवारी येतो म्हणालेत

३ तारीख, सोमवार

सगळ्यांत आधी टपकली ती शेजारीण. माझी ट्रंक अजून दारात, चपला पायातच, आणि ही फाटकाची कडी काढून सरळ आत. सामान बघून घेतलं, पडदे बघून घेतले, मग उरलेला वेळ मला बघितलं. तुम्ही मुलीच्या आजी का, म्हणाली, मी शेजारच्या मुलाची आजी. म्हणजे आम्ही दोघी एकाच पदावर. मला बरं वाटलं. पण बाईनं लगेच पायरी दाखवली. म्हणे, आमचा पुढे असतो, तुमची मागे.

काय पुढे आणि काय मागे ते संध्याकाळी कळलं. माझी नात लढाऊ विमान चालवते. ही विमानं एकेकटी जात नाहीत, जोडीनं जातात. पुढचा वाट ठरवतो. मागचा त्याच्या पाठीवर डोळा ठेवतो, कारण पुढच्याला स्वतःची पाठ दिसत नाही. शेजारणीचा नातू पुढचा, माझी नात त्याची मागची. मी म्हटलं, म्हणजे तुझ्यावाचून तो आंधळाच की. नात हसली, म्हणाली, आजी, हे तिकडे जाऊन सांगू नकोस. मी कशाला आज सांगते. उद्या सांगेन.

शेजारणीचं नाव मी पुढारीण ठेवलंय.

ही वही नातीनंच दिली. चौथीनंतर माझं लिहिणं म्हणजे सही आणि पाकिटावरचा पत्ता. पण ती म्हणाली, मी दिवसभर नसणार, तर वहीशी बोलत जा. वही मधे तोंड घालत नाही हे मला आवडलं. हवाई दलाच्या तळावरचं घर, दोन खोल्यांचं, पुढे बुटकी भिंत आणि लोखंडी फाटक. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धावपट्टीचा तुकडा दिसतो. विमान उठलं की फळीवरचे कप एकमेकांशी कुजबुजतात.

जाताना पुढारीण येते म्हणाली, मी या म्हटलं. तेवढी रीत आहे तिला. जाणाऱ्यानं जाते म्हणू नये, येते म्हणावं, आणि राहणाऱ्यानं ये म्हणावं. नात दुडुदुडु चालायची तेव्हापासून तिला हे शिकवलंय. त्या एका शब्दाच्या दोरीवर माणूस परत येतं.

५ तारीख, बुधवार

नात दुपारी जेवायला आली तर नाकावर आणि दोन्ही गालांवर वळ. वर हवा विरळ, म्हणून श्वासाचा मुखवटा आवळून बांधतात. मानेला हात लावला तर दगड. तेल कोमट केलं आणि चोळायला बसले. चोळता चोळता पोटातलं काढून घ्यायचं हे माझं जुनं कसब.

विमान गर्रकन वळलं की म्हणे अंगाचं वजन नऊपट होतं. रक्त सगळं पायांत उतरतं. डोळ्यांपुढून आधी रंग जातात, मग कडा काळ्या होतात, मग दिवाच जातो. तसं होऊ नये म्हणून मांड्या आवळायच्या, पोट आवळायचं आणि श्वास तुकड्या-तुकड्यानं घ्यायचा. शिकताना लांब दांड्याच्या टोकाला पाळण्यासारखं बसवून गरागरा फिरवतात. धिप्पाड पोरांनी माना टाकल्या, ही एवढीशी टिकली. म्हणून हिचं रेडिओवरचं नाव मुंगी. तिकडे सगळ्यांना अशी नावं आहेत. आईबापानं ठेवलेलं नाव चपलांसारखं खाली काढून ठेवायचं आणि वर जायचं. पुढारणीचा नातू जिराफ. गुडघे कुठे ठेवायचे हा त्याचा रोजचा प्रश्न.

तो तुकड्यांचा श्वास मी पिठाचा डबा उचलताना करून बघितला. काजवे चमकले. नातीनं पाणी दिलं आणि ही गोष्ट बाहेर सांगणार नाही असं म्हणाली, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या तळाला कळलं असणार.

मग तिनं दोन हातांची दोन विमानं करून लढाई दाखवली. हे वैमानिक सगळे असेच बोलतात, हात बांधले तर मुके होतील. उजवा हात पुढे, डावा मागे. मी तिचा डावा हात धरला आणि पुढे ओढला. ती म्हणाली, आजी, असं नसतं, जिराफ माझ्याहून जुना आहे, मला सगळं त्यानंच शिकवलं. असेल. पण पुढारीण रोज भिंतीवरून विचारते, आज तुमची कितीशी मागे होती हो? झोंबतं मला. वहीपाशी काय लपवायचं. मनात आलं, त्याची जागा एकदा रिकामी व्हावी. बढती मिळून हं. दुसरं काही नाही.

८ तारीख, शनिवार

आज माझ्या जिवाचा नुसता जळफळाट झाला, आणि शेवट मात्र गोड झाला.

चार वाजता पुढारणीच्या दारापुढे काळी गाडी थांबली. तिघं उतरली, दोन पुरुष आणि एक बाई. कडक इस्त्रीचा गणवेश, टोप्या काखेत, हातमोजे पांढरे. येऊन फाटकापाशी उभी राहिली. नुसती उभी. कडीला हात लावेनात, हाक मारेनात. ही आत डुलक्या घेत असणार. मी येऊन सहा दिवस झाले, माझ्याकडे दूधवाल्याशिवाय कुणी फिरकलं नाही, आणि हिच्या दारात असे पाहुणे. एवढी मोठी माणसं हिला काय सांगायला आली ते ऐकल्याशिवाय मला चैन पडेना. सरळ गेले, तिच्या फाटकाची कडी मीच काढली आणि म्हटलं, या ना, या, आहेत घरात.

बाईनं मान लववली. तिघं आत गेली.

मी भिंतीपाशी वाळत घातलेले कपडे तीनदा काढले नि तीनदा घातले, पण एक शब्द ऐकू येईल तर शपथ. दहा मिनिटांनी बाहेर आली. रस्त्यावर एवढी धूळ, आणि त्यांच्या बुटांवर कण नाही. बाई म्हणाली, येतो आम्ही. मी म्हटलं, या, आणि आमच्याकडेही या की, आमचीही विमान चालवते, मुंगी म्हणतात तिला. बाईनं ते नाव हळू तोंडात घोळवलं आणि म्हणाली, गुरुवारी येतो. गाडी गेली. इथे साधी सायकलसुद्धा बोंबलत जाते, या गाडीला आवाजच नव्हता. नवी असेल.

लगेच पुढारणीला गाठलं. कोण आलं होतं हो? तर म्हणे, कुणी नाही, मी तर दारातच मटार सोलत बसले होते. वर सोललेल्या दाण्यांचं भांडं दाखवलं. लपवते, झालं. मोठ्यांचा मान एकटीनं गिळायचा. गुरुवारी बघ म्हणावं.

९ तारीख, रविवार

पडदे धुतले. चांगले कप काढून ठेवले, टवका गेलेला मागे ढकलला. फाटकाच्या कडीला तेल दिलं, किरकिरत होती. पाहुणे येणार हे नातीला सांगितलं नाही, तिला गंमत.

पण ती घरीच आली नाही. फोन आला. सीमेवर पलीकडच्यांनी आगळीक केलीय, आता सराव नाही, खरं आहे, म्हणाली. आवाज हसरा ठेवला होता. मी तिला लहानपणापासून ओळखते.

१० तारीख, सोमवार

सकाळी खिडकीतून मोजली, चार गेली. दुपारी मोजली, तीन आली. कोण आलं कोण नाही, खालून कळत नाही, सगळी सारखी. मी ओट्याला धरून उभी होते.

मग गाडी आली. आवाज करत आली. तळाचे मोठे साहेब, डॉक्टर आणि एक बाई. साहेब बुटके, घामेजलेले. आमचं फाटक ओलांडून पुढे गेले. देवा, मला किती बरं वाटलं. त्यांनी पुढारणीची कडी स्वतःच्या हातानं काढली. आतून रडण्याचा आवाज आला नाही. भांडं पडल्याचा आला. मटारचे दाणे पायऱ्यांवरून घरंगळत रस्त्यापर्यंत आले.

नात पाचला आली. जिराफ गेला. खालून, ढगातून क्षेपणास्त्र आलं, हिनं ओरडून सांगितलं, त्यानं विमान वळवलंच नाही. रेडिओवर त्याचं शेवटचं बोलणं एवढंच, कडी कुणी काढली? डोक्यावरच्या काचेच्या झाकणाला कडी असते, तिच्याबद्दल बोलत असेल असं सगळे म्हणतात.

मी म्हटलं, अशीच तिघं तर शनिवारीही आली होती. नातीनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, शनिवारी मोठे साहेब तळावरच नव्हते. आणि अशी तिघं मिळून एकाच कामाला येतात, आजी. माणूस गेल्यावर. ती गाडी दिसली की इथे लोक दारं लावून घेतात.

तू बोललीस का त्यांच्याशी, विचारलं तिनं.

नाही म्हटलं मी.

११ तारीख, मंगळवार

हुकूम आला. जिराफच्या जागी आता मुंगी चारही विमानांच्या पुढे.

खरं लिहिते. एक क्षण वाटलं मला. आमची पुढे. छाती भरून आली. मग पलीकडच्या खिडकीत पुढारीण दिसली, नुसती बसलेली. तिनं भिंतीवरून काही विचारलं नाही.

मग आठवलं — परवा गुरुवार.

१२ तारीख, बुधवार

नातीला म्हटलं, उद्या जाऊ नकोस. ताप आलाय सांग. सगळं सांगितलं मग, फाटक, कडी, बाई, सगळं. तिनं माझंच डोकं मांडीवर घेतलं आणि माझी मान चोळली. म्हणाली, आजी, तू घाबरलीयेस. माझ्या मागे तिघं आहेत, त्यांना कुणाच्या पाठीमागे पाठवू?

मग पुढारणीकडे गेले. पाय धरले. तिलाही सांगितलं. मनात ठेववेना. ती रडली नाही. दोनच गोष्टी विचारल्या. नेमकं काय म्हणालात? मी म्हटलं, या ना, या, आहेत घरात. आणि तुमच्याकडे कधी येणारेत? गुरुवारी म्हटलंय, त्या दिवशीसारखी चारलाच येणार.

बरं, म्हणाली.

विचार केला. ती आपल्या हातानं कडी काढत नाहीत. कुणी या म्हणेपर्यंत उभी राहतात. मग मी म्हणणारच नाही.

१३ तारीख, गुरुवार

पहाटे फोन. बुटांची नाडी न बांधताच पळाली. फाटकातून ओरडली, आजी, जाते —

जाते म्हणाली. मी धावले. म्हण येते, म्हण — गाडीच्या आवाजात — हात हलवला. ओठ हलले. येते म्हणाली असेल. म्हणाली असेलच.

फाटक परकराच्या नाडीनं बांधलं. सात गाठी.

अकरा वाजले. चार गेली. माझी सगळ्यांत पुढे.

साडेतीन. अजून नाहीत. खिडकीशी बसून लिहितेय.

चार. गाडी. आवाज नाही. तिघं. फाटकापाशी उभी. बाई माझ्याकडे बघते. मी काही म्हणत नाही. तोंडात पदर कोंबलाय. राहा उभी. जन्मभर राहा —

लांबून घरघर. कप कुजबुजतायत. येतायत — एक — दोन — तीन —

चौथं ढगात असेल — येईल — मुंगी ती —

पुढारीण बाहेर आली. अनवाणी. हातात कात्री. अहो नका — काचेतून ओरडते मी — ऐकतेय ती, माझ्याकडेच बघतेय — नाडी कापली — कडी काढली — त्यांना म्हणते, या ना, या, आहेत घ