डिश फिरवताना

प्रिय संघर्ष,

सप्रेम जय भीम. इकडे उंद्रीत तुरीची सोंगणी आटोपली. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात.

तू हासनच्या उपग्रह केंद्रात लागलास तेव्हा बाबांनी तुला विचारलं होतं, "ते वर एका जागी राह्यते, मंग पडत काऊन नाही?" तू म्हणालास, उपग्रह थांबलेला नसतोच, पृथ्वीच्याच चालीनं तिच्याभोवती फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी वाटतो. पुढे कितीतरी दिवस बाबा आपल्या डिशकडे बोट दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "टीव्ही जिथून येते ना, ते माहा पोरगा सांभाळते." असा बोलका माणूस लकव्याच्या झटक्यानंतर मुका झाला. चिखलीच्या मॅडमनी दिलेले बोलण्याचे व्यायाम मी रोज घ्यायची. ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. टीव्हीसमोर मात्र बसायचे.

पंधरा दिवसांपूर्वी वानरांनी डिशवर उड्या मारल्या आणि टीव्हीचा सिग्नल गेला. डिशवाला काही येईना, मग मीच छतावर चढले. मी डिश जराशी सरकवायची, आई पडदा बघून खालून ओरडायची, "नाही आलं!" मधेच चुलीवरचं दूध उतू चाललं म्हणून ती धावली. मी सरकवतच होते. तेवढ्यात खालून जाडसर, घोगरा आवाज आला, "आलं वं!"

माझ्या हातून डिश सुटली. धावत खाली आले, तर चित्र पुन्हा गायब आणि बाबा माझ्यावरच चिडलेले, "गेलं!" आई पातेलं हातात धरून हसतही होती, रडतही होती. "हे बोलले वं मयुरी," एवढंच म्हणत होती.

आता व्यायामाला तेच मला हाक मारतात. पाणी, चहा जमतं. काल तर आईला नावानं हाक मारली, "चांगुणा", आणि ती नव्या नवरीसारखी लाजली. तुझ्या नावातलं जोडाक्षर अवघड आहे. "संग... संग..." म्हणत आरशासमोर बसतात.

ते बोलत नाहीत म्हणून तू फोन करणं सोडलंस, हे मला कळतं. फोनवर हे सांगितलं असतं तर तू लगेच "दे बाबांना" म्हणाला असतास, आणि घाई झाली की ते गप्प होतात. म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी फोन कर. ते अडकतील, बराच वेळ नुसता श्वास ऐकू येईल. शब्द तू पुरवू नकोस, फोन ठेवू नकोस. तुझं नाव त्यांना पूर्ण घेऊ दे.

तुझीच,
मयुरीताई