मिनिटाला दोनशे चाळीस फेरे

सांगली
६ जानेवारी २०२५

ती. स्व. दादांस,
क्षमाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तरी पत्रं येतात, याचा मला आनंदच होतो. असं वाटणं बरं नव्हे, हेही कळतं. वहिनींचा गुडघा कसा आहे?

तुमची संयोगिता मजेत. शनिवारी तिच्या कॉलेजात रोबोटची स्पर्धा आहे. पाच किलोचं पोतं घेऊन रोबोटने बारा मीटर सोळा सेकंदांत जायचं, पण वेग सेकंदाला मीटरच्या वर न्यायचा नाही. गटात चार मुलगे आणि ही एकटी. एका मताच्या फरकाने लीडर झाली आहे, त्यामुळे हरली तर लीडरपण राहणार नाही, ही धास्ती.

काल तिचं गणित तपासलं. मोटरच्या फेऱ्यांना गिअरच्या प्रमाणाने भागायचं आणि चाकाच्या परिघाने गुणायचं, एवढंच. चाक पंधरा सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे एका फेऱ्यात सत्तेचाळीस सेंटिमीटर. मोटरवर मिनिटाला तीनशे फेरे छापलेत आणि आमच्या बाईसाहेबांनी धरले दोनशे चाळीस. वीस वर्षं फिजिक्स शिकवते मी, अंदाज मला चालत नाही. सरळ खोडलं. तीनशे धरले तर तिच्या दुपटीच्या गिअरने वेग मर्यादेबाहेर जात होता, म्हणून तिपटीचा बसवायला सांगितला. आता सेकंदाला अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर, दोन्ही अटींत बसतं. तुमचीच लेक, मीठसुद्धा मुठीने घालते.

सर्वांना नमस्कार. आहे तो लोभ राहू द्यावा.
क्षमा

वडूज
१६ जानेवारी

चि. सौ. क्षमास,
अनेक आशीर्वाद.

हिचा गुडघा जत्रेत चालतो, रानात जायचं म्हटलं की दुखतो. बाकी ठीक.

शनिवारचं पोरीनं कळवलं. साडेअठरा सेकंद लागले, गट बाहेर पडला. पोरांनी लीडरपण काढून धैर्यशील नावाच्या पोराला दिलं. चूक झाली, एवढंच लिहिलंय. तुझं पत्र हातात होतं, म्हणून मी तिला लय खडसावलं. अंदाजपंचे कामं करायची तर घरी ये, हितं शेरडं राखायला माणूस पायजेच हाय, असं लिहिलं.

एक मातर डोक्यात घोळतंय. फौजेत आमच्या वर्कशॉपात छापील आकड्यावर कुणी भरवसा ठेवत न्हवतं. तो आकडा मोकळ्या मोटरचा. वझं आलं की फेरं कमी पडत्यात. वझं लादून, चाकावर खडूची खूण करून, घड्याळ लावून मोजायचं. दिवाळीत हे मीच तिला शिकवलं होतं. मग ती विसरली कशी? ठावं असलं तर कळव.

माया हाय तशीच हाय.
जोतीराम

सांगली
२२ जानेवारी

ती. स्व. दादांस,
सा. न.

ती विसरली नव्हती. तुमचं पत्र वाचून मी तिची वही पुन्हा उघडली. मी खोडलेल्या आकड्याच्या मागच्याच पानावर, पोतं ठेवून तीनदा मोजलेले फेरे होते : २४१, २३९, २४०. मी ते पान उलटलंच नव्हतं. नवा गिअर आदल्या संध्याकाळी बसला, पोतं ठेवून चालवायला वेळ उरला नाही.

बोलली का नाहीस, असं तिला विचारलं. भांडी पुसता पुसता म्हणाली, "सांगत होते आत्या, तुम्ही पुढची ओळ तपासायला लागला होता."

दादा, खरंच मला ऐकू आलं नव्हतं का, हे मी दोन दिवस स्वतःला विचारते आहे. आलं असावं. वर्गातल्या मुलीची वही असती तर विचारलं असतं. घरच्या पोरीला काय विचारायचं, म्हणून खोडलं. वर तुम्हाला 'अंदाज' म्हणून कळवलं आणि तुमची बोलणी तिला बसली. तिने माझं नाव ना कॉलेजात घेतलं, ना तुम्हाला कळवलं.

काल तिच्या कॉलेजात जाऊन चौघांसमोर वही ठेवली, चूक माझी म्हणून सांगितलं. धैर्यशील भला मुलगा, लीडरपण परत देऊ लागला. हिने नको म्हटलं. आत्याने येऊन मिळवून दिलेलं तिला नको होतं. मी पुन्हा तिला न विचारताच गेले होते, हे परतताना रिक्षात लक्षात आलं.

तुमचं ते पत्र मागे घ्या, एवढीच विनंती. माझ्यावरचा लोभ थोडा कमी केलात तरी चालेल, तिच्यावरचा वाढवा.
क्षमा

वडूज
३१ जानेवारी

चि. सौ. क्षमास,
आशीर्वाद.

जीव कुरतडू नको. तू आकडा खोडलास, मी तर पोरीलाच शेरडांमागं धाडायला निघालो होतो.

तिला लिहिलं, न विचारता रागावलो, चुकलं. बापानं असं लिहायची आपल्यात रीत न्हाई. पत्र पेटीत टाकायला दोन दिवस लागले.

तिचं उत्तर आलंय. सोळा तारखेला साताऱ्यात दुसरी स्पर्धा हाय. दुपटीचा गिअर परत बसवला, पोतं ठेवून सात वेळा चालवला, तेरा सेकंदांच्या आत जातोय. लीडर धैर्यशीलच राहील, पण गणिताच्या कागदावर सही हिची एकटीची, असं पाचांनी मिळून ठरवलंय. आपण दोघांनी बघायला यायचं, पण लांब बसायचं आणि एक शब्द सांगायचा न्हाई, ही तिची अट. मी फौजी माणूस, हुकूम पाळीन. तुझं कसं व्हायचं ते बघ.

मला कबूल हाय, असं मी तिला लिहून टाकलं. तुझ्या वतीनं काय लिहिलं न्हाई. तुझं तू तिला सांग.

साताऱ्याच्या स्टँडवर वाट बघतो.
जोतीराम