अठरा तारखेविरुद्धचा माझा लढा

१ डिसेंबर

परदेशात शिकणाऱ्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो! ऑगस्टमध्ये पोटाला चिमटा काढून स्वस्तातलं तिकीट काढायचं आपण, आणि नेमक्या त्याच तारखेला परीक्षा ठेवायची यांनी! किती दिवस सहन करायचं?

(डायरी खाजगी आहे, मान्य. पण माझा विचार जागा झाला की आधी माइक शोधतो.)

हकिकत अशी. घरी जायचं विमान १८ ला सकाळी. स्टॅटिस्टिक्सचा पेपर १८ ला सकाळी. तिकीट बदलून मिळत नाही. २० ला बाबांचा निवृत्तीचा निरोप समारंभ, आणि त्यात माझं भाषण. फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "बोलला नाहीस तरी चालेल. ये म्हणजे झालं." फारच भिडस्त स्वभाव.

निर्धार: लढा आणि अभ्यास, दोन्ही जोरात.

२ डिसेंबर

अभ्यास सुरू. आधी टेबल आवरलं. आवरलेल्या टेबलावर पुस्तक ठेवलं. फार शोभून दिसतं.

४ डिसेंबर

रूममेट आपल्याकडचाच, वर्गही एकच. तोंड उघडायला टॅक्स पडतो असं वाटावं इतका गप्प, म्हणून मी त्याला मौनीबाबा म्हणतो. त्याचं तिकीटही १८ चंच. तरी दिवसभर गणितं सोडवतो. मी विचारलं, अन्यायाची चीड येत नाही? म्हणाला, येते, पण आधी पाचवा चॅप्टर येऊ दे. गुलामी रक्तात भिनते ती अशी.

स्वतःच्या नोट्स देऊ करत होता. नाकारल्या. मी उसन्या विचारांवर जगत नाही.

६ डिसेंबर

बाबांवरचं भाषण लिहून झालं. बाबांनी आयुष्यभर शहराच्या पंपहाउसमध्ये नोकरी केली. मी त्यांना थेट भगीरथाच्या पंगतीत बसवलं आहे. आईला फोनवर वाचून दाखवलं. भगीरथ येईपर्यंत तिची भाजी करपली. बाबा मागून म्हणाले, अरे, मी बटण दाबायचो, पाणी आपलं आपण यायचं. आई म्हणाली, अभ्यास कर. घरात कुणालाच वक्तृत्वाची जाण नाही.

स्टॅटिस्टिक्स: पुस्तकाला कव्हर घातलं.

८ डिसेंबर, दुपार

विजय!

मॅडम फळा पुसत होत्या. मी उभा राहिलो. घरोघरी डोळे लावून बसलेल्या आयांपासून सुरुवात केली. मागच्या बाकावरची एक मुलगी डोळे पुसू लागली. (तिला सर्दी झाली आहे म्हणे. असेल.) मॅडमनी शांतपणे विचारलं, मग कधी घेऊ? इथे भल्याभल्यांची बोबडी वळली असती. मी गरजलो, "प्रश्न परीक्षेचा नाही, न्यायाचा आहे! आम्ही काय परीक्षेला भितो? उद्या घ्या!"

टाळ्यांचा कडकडाट.

तोच दिवस, संध्याकाळ

परीक्षा उद्या ठेवली आहे.

वर्ग खूश. सगळ्यांचा अभ्यास झालेला, हे मला कुणी आधी सांगायला नको? मौनीबाबा म्हणाला, "नेते, जेवून घ्या आणि बसा."

७.१५: पहिला चॅप्टर उघडला. अगदीच सोपा.

७.४०: ती प्रस्तावना होती.

८.००: मौनीबाबाने पुन्हा नोट्स पुढे केल्या. आजच्या दिवशी तरी नेत्याने ताठ राहायला हवं. नाकारल्या.

९ डिसेंबर

पेपर बरा गेला. जिथे उत्तर येत नव्हतं तिथे प्रश्नाच्या मांडणीवर टीका केली. मॅडम विचारी बाई आहेत, त्यांना आवडेल.

१२ डिसेंबर

बॅग भरली. बाबांसाठी चालायचे बूट घेतले. निवृत्त माणसाने चालावं. भाषणात जलसंस्कृतीवर नवा परिच्छेद घातला. आता अडवणारं कोण आहे?

१५ डिसेंबर

निकाल. वर्ग पास. मी सोडून.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणीही दिलं. एवढं झाल्यावरच मला शंका यायला हवी होती. म्हणाल्या, फेरपरीक्षा एकदाच देता येते, न दिल्यास स्कॉलरशिप जाईल. हॉल जुन्या तारखेचाच बुक आहे, तो तसाच ठेवलाय. १८ ला सकाळी.

मी उठून उभा राहिलो. घसा साफ केला. मॅडमनी विचारलं, की पुन्हा उद्याच घेऊ?

मी बसलो.

१६ डिसेंबर

घरी फोन. पहिल्यांदाच प्रास्ताविक सुचलं नाही. येत नाही, एवढंच म्हणालो. मी म्हटलं, भाषण फोनवरून करतो, तिकडे स्पीकर लावा. आई म्हणाली, आधी पास हो. मग बाबा म्हणाले, "ते भगीरथाचं पान तेवढं पाठवून दे. समारंभात नाही, घरी वाचीन."

अभ्यासाला बसलो. अक्षरं नीट दिसत नव्हती. बल्ब बदलायला हवा.

नोट्स मागितल्या नाहीत. काही झालं तरी मान ही मान आहे.

१८ डिसेंबर, सकाळी ६

बंधुभगिनींनो! जिन्यावरून खडखडत उतरणारी तुमच्या बॅगांची चाकं मी ऐकतो आहे. आज तुम्ही उडणार, तो माझ्या लढ्याचा विजय आहे, विसरू नका.

बूट आणि भगीरथ मौनीबाबाच्या बॅगेतून निघाले. त्याचं गाव आमच्या जवळच. २० ला माझ्या जागी तो समारंभाला जाणार. एक शब्दही बोलणार नाही, अशी अट घातली आहे त्याने. बाबांना तो फार आवडेल.

पेपर दहाला. मी तिसऱ्या चॅप्टरवर. खाली बस येऊन थांबलेली दिसते आहे. आता जे सांगायचं ते डायरीत लिहून भागणार नाही, खिडकीच उघडतो:

मौनीबाबा, बसमध्ये चढू नकोस! आधी बॅग उघड आणि त्या नोट्स वर फेक!