प्रेमराजचं मरण

सावदा
१२ नोव्हेंबर २०२४

सौ. कामिनीबाईंना,
पुष्पाचा स. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोन लावला की तुमचे भाऊ शेजारी येऊन बसतात आणि निम्मं बोलणं तेच करतात. मला जे सांगायचं आहे ते मधे कोणी न तोडता सांगायचं आहे.

तुमची गोष्ट दिवाळीच्या पुरवणीत छापून आली, पानभर, तुमच्या फोटोसकट. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण बाई, गोष्टीत तुम्ही सरळ ‘माझा भाऊ’ असं लिहिलंत. त्याला भरताची हौस दिलीत, तळहातावर तोलून हलकं वांगं निवडायची सवय दिलीत, केळीचा मळा दिलात, भुवईवरचा डागसुद्धा दिलात आणि शेवटी थंडीच्या पहाटे शेकोटीजवळ त्याला मारून टाकलंत. नाव तेवढं प्रेमराज ठेवलंत. नावाकडे कोण बघतं?

तुमच्या मावसबहिणीच्या किरणने एरंडोलहून गोष्टीच्या शेवटच्या ओळींचा फोटो काढला आणि समाजाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं की कामिनीमावशीने भाऊंच्या जाण्यावर काय सुंदर लिहिलंय. त्याच्या मनात गोष्टीतलं जाणं होतं, पण पुढे विचारतंय कोण. भावपूर्ण श्रद्धांजली सुरू झाली.

रविवारी एरंडोलहून गाडी भरून माणसं दुखवट्याला दारावर आली. दारावर यायचं तर बायकांनी गल्लीच्या तोंडापासून रडत यायचं, तसं त्या रीतीने रडत येत होत्या. तुमचे भाऊ ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. रडणं ऐकून तेच उठले, चपला घातल्या, सामोरे गेले आणि सगळ्यांत पुढच्या बाईला विचारलं, “कोन गेलं व?” त्या बाईने यांच्याकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी खाली बसली. पाणी मारून उठवावं लागलं. मग काय, डोळे पुसायला आलेल्यांना मी चहा-पोहे केले. जाताना एकीने मला नव्याने कुंकू लावलं.

तुम्ही हसाल. मीही त्या दिवशी हसले, पण रात्री काही झोप लागली नाही. तुमचं पुस्तक निघतंय आणि त्यात हीच गोष्ट पहिली आहे म्हणे. बाई, त्यातून ते मरण काढा. जित्या माणसाचं मरण लिहून ठेवू नये. आणि हे गप्प गप्प आहेत. चुडामणआप्पांसारख्या जुन्या मित्राशी बिनसल्यापासून चार हिवाळे यांनी शेकोटी पेटवलेली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यावरची खपली तुमच्या गोष्टीने निघाली. पुरवणी मात्र उशाखाली ठेवली आहे. मला हात लावू देत नाहीत.

एक गोष्ट कबूल करते. लोक भरताचा पहिला घास घेतात तेव्हा हे त्यांच्या तोंडाकडे बघत श्वास धरून ठेवतात, असं तुम्ही लिहिलं आहे. चाळीस वर्षं मी या माणसाच्या ताटात वाढते आहे. मला ते कधी दिसलं नव्हतं. ती ओळ वाचून मी पदराने डोळे पुसले.

रागावले आहे, पण माया कमी झालेली नाही. ती तिकडूनही तशीच असू द्या.

तुमची वहिनी,
पुष्पा

*

देवपूर, धुळे
१७ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. पुष्पावहिनींना,
कामिनीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इकडे यांनी मात्र ‘कोन गेलं व’पर्यंत वाचलं आणि हसता हसता यांना ठसका लागला. दोन दिवस घरात येईल त्याला तेच ऐकवतायत. किरणला मी फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणतो, मावशी, तुमची गोष्ट इतकी खरी वाटली त्याला मी काय करू. यावर कोणती लेखिका रागावेल, सांगा.

पण वहिनी, प्रेमराज म्हणजे नुसते भाऊ नाहीत. भरताची हौस त्यांची, ते वांगं तोलणं त्यांचं. काम करताना तोंडातल्या तोंडात गुणगुणणं आमच्या आबांचं. प्रेमराज रुसला की भिंतीकडे तोंड करून झोपतो, ते रुसणं माझं स्वतःचं. विचारा आमच्या घरी. आणि ते थंडीच्या पहाटेचं मरणही आबांचंच. आबा गेले त्या पहाटेबद्दल लिहायचं इतकी वर्षं मनात होतं, पण त्याला माणूस सापडत नव्हता. भाऊंची हौस हाताशी आली आणि माणूस उभा राहिला. भुवईवरचा डाग मात्र उगीच घातला. ती माझी चूक.

खरं सांगू? भाऊ शेकोटी पेटवत नाहीत हे मला सहन होत नाही. थंडी पडली की सगळ्यांनी मळ्यात जमायचं, कपाशीच्या काड्यांचा जाळ, भाऊ वांगी फिरवतायत आणि चुडामणआप्पा काठवटीत मुसळीने ठेचतायत, असंच मी लहानपणापासून पाहत आले. मग तुमच्या भाविकाच्या लग्नात ते मिक्सरचं झालं. आप्पांनी भाजलेली वांगी गुपचूप मिक्सरमधून काढली, भाऊंनी एका बोटाने चाखून ते ओळखलं आणि भर मांडवात, व्याह्यांसमोर, आप्पांना नको ते बोलले. तेव्हापासून दोघांचं बंद. भाऊंना समजवायची माझी हिंमत नाही. म्हणून मी जाळ पेटवणारा एक माणूस लिहिला. आप्पांना त्यातून मुद्दाम गाळलं. म्हटलं, तेवढी एक जागा दुखवायला नको. माझा प्रेमराज एकटाच भाजतो आणि एकटाच ठेचतो.

आता मरणाचं. जळगावच्या प्रकाशकांना ही गोष्ट पहिली हवी आहे. डिसेंबरात छपाई सुरू होईल. या वयात निघणारं माझं पहिलंच पुस्तक आहे, वहिनी. मरण काढलं तर गोष्टीत काही उरत नाही. प्रेमराज गेल्यावर विस्तवावरची वांगी उतरवायला कोणी नसतं, ती जळून कोळसा होतात, ही शेवटची ओळ लिहिली तेव्हा मी स्वतःवर खूश झाले होते. तरीही भाऊंनी नको म्हटलं तर गोष्ट पुस्तकात जाणार नाही, एवढा शब्द देते. तुम्हीच त्यांना विचारा. माझ्याने विचारवत नाही.

गोष्टीतली बायको मुकी आहे म्हणून तुम्ही अजून भांडला कशा नाहीत, याचं नवल वाटतं. तुम्हाला जशाच्या तशा घातलं असतं तर प्रेमराजला बोलायला जागाच उरली नसती.

तुमच्या मायेवर भिस्त ठेवून आहे.

तुमची,
कामिनी

*

सावदा
२५ नोव्हेंबर २०२४

सौ. कामिनीबाईंना,
पुष्पाचा स. न. वि. वि.

मी मुकी नाही, हे तुम्हाला आता कळेल. जरा बसून वाचा.

गुरुवारी चुडामणआप्पा आले. ते हल्ली मुलाकडे जळगावला असतात. त्यांच्याकडे साधा फोन, त्यामुळे श्रद्धांजली त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. बाजारात कोणीतरी सांगितलं की सावद्याचे जीवरामभाऊ गेले, बहिणीने पेपरात लिहिलंय. त्यांनी कुठूनशी ती पुरवणी मिळवली आणि एकटेच बसमध्ये बसले. फाटकातून आत आले ते टोपीने डोळे पुसत. आणि समोर ओट्यावर हे.

दोघे नुसते उभे. मी दारात, मलाही बोलणं सुचेना. माझं बोलणं बंद पडलं याची नोंद घ्या. शेवटी मी पाणी आणून दिलं. आप्पा प्यायले, बसले. तू जिता कसा, हे त्यांनी विचारलं नाही. खिशातून घडी केलेली पुरवणी काढली, मांडीवर पसरली, तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “जीवराम, याच्यात माह्यं नाव कोठी हाये?”

चार हिवाळ्यांनंतरचं पहिलं बोलणं हे. यांनी खाली मान घालून सांगितलं, “ते कामिनीले विचार.”

मग आप्पांचा जो आवाज चढला तो चढला. बसमध्ये तीनदा वाचलं म्हणे, एकदा तरी आपण येऊ म्हणून. माणूस एकट्याने भाजतो आणि एकट्याने ठेचतो, हे कोणी तरी पाहिलंय का? बोलता बोलता ते लग्नातल्या मिक्सरवर आले. तेव्हा त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात वर जात नव्हता, मुसळी उचलत नव्हती. हे यांना सांगायची लाज वाटली, म्हणून मिक्सर. मांडवात एवढं ऐकून घेतलं, पण खांद्याचं काही बोलले नाहीत. हे ऐकत होते. मग उठले आणि मळ्याकडे चालते झाले. मला वाटलं, पुन्हा बिघडलं.

आले ते पिशवीभर वांगी घेऊन.

बाई, अंगणात जाळ पेटला. यांनी भाजलं आणि ठेचलंही यांनीच. आप्पा शेजारी पाटावर बसून यांच्यावर ओरडत होते, की मुसळी अशी धरतात का, वांगं आहे, साप नव्हे. हे ऐकून घेत होते. माझं एक वाक्य कधी ऐकून घेत नाहीत. सगळी गल्ली जेवली. आप्पांनी पहिला घास घेतला तेव्हा मी मुद्दाम यांच्याकडे पाहिलं. श्वास धरला होता. तुम्ही लिहिलंत तसाच. मळ्यातल्या त्या गर्दीत बसून तुम्ही हे कधी टिपून ठेवलंत, कोण जाणे. तुमच्या नजरेला माझा नमस्कार.

मरणाचं मात्र माझं म्हणणं तेच आहे, काढा. यांना विचारलं तर म्हणाले, मीच लिहितो. भाविकाच्या लग्नाच्या आमंत्रणांनंतर यांनी पेन हातात धरलेलं मी पाहिलेलं नाही.

तुम्ही दूर आहात, पण इथलं ताट तुमचंही आहे हे विसरू नका.

तुमची,
पुष्पा

*

सावदा
२९ नोव्हेंबर २०२४

चि. कामिनीस,
जीवरामचे अनेक आशीर्वाद.

गोष्ट वाचली. किती वेळा ते सांगत नाही. चांगली लिहिली आहेस. आबांचं गुणगुणणं वाचताना आबा मागे उभे आहेत असं वाटलं. मला एवढं बारकाईने पाहणारं कोणी आहे, हे माहीत नव्हतं. मोठा भाऊ असून असं लिहिताना अवघड वाटतं, पण मला तुझा अभिमान वाटतो.

तुझी वहिनी मरण काढ म्हणते. काढू नकोस. जिता जीवराम चार हिवाळे याच ओट्यावर बसून होता. त्याच्याकडे चुडामण आला नाही आणि तोही चुडामणकडे गेला नाही. प्रेमराज मेला म्हणून चुडामण बसमध्ये बसला. त्याला मरू दे. वहिनीची समजूत मी घालीन, नाही घातली गेली तर ऐकून घेईन. भुवईवरचा डाग तेवढा खोड, एरंडोलची माणसं पुन्हा यायची.

पण तू चुडामणला गाळलंस ते चुकलं. त्याला आत घे. मिक्सर घाल, त्याचा खांदा घाल, मांडवात मी त्याला जे बोललो तेही घाल. मला वाईट वाटेल म्हणून सोडू नकोस. तेवढं वाईट मला वाटायला हवं.

आणि शेवट बदल. वांगी जळून कोळसा होतात असं तू लिहिलं आहेस. वाचायला बरं वाटतं, पण तसं होणार नाही. चुडामण जवळ असेल, तर प्रेमराज गेला तरी तो आधी वांगी विस्तवावरून उतरवील, आणि मग रडेल.

घरी सर्वांना आशीर्वाद. पुस्तक निघालं की घेऊन ये. रडत येऊ नकोस.

तुझा, अजून हयात असलेला भाऊ,
जीवराम