टाउन हॉलमध्ये आमचा सत्कार

२ एप्रिल, मंगळवार
टाउन हॉलचं पत्र. लग्नाला पन्नास वर्षं होतात म्हणून महापौरबाई आमचा सत्कार करणार, थोरल्या दालनात. गोडलीव्हने पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसला. म्हणाली, "त्या दालनात एकदा नीट बसायचंय मला, आखिल. घाई न करता." बायकोची हौस पुरवायचीच. तारीख मात्र ८ मे घातलीय. लग्न १८ मेचं. सरकारी कामात एखादा आकडा गळायचाच. सांगून येतो.

५ एप्रिल
सत्काराला उत्तराचं भाषण लागणार. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, बाकीचं मी वाचनालयात बसून शिकलो. आणि ही इमारत माझ्याइतकी गावात कुणाला ठाऊक? तरुणपणी दोन वर्षं तिच्या छपरावर पाटीच्या दगडाची कौलं ठोकली आहेत. आतून फारशी पाहिलेली नाही, पण इमारत खरी कळते ती वरूनच.
संकल्प: रोज एक पान. दुसरी बिअर बंद.

११ एप्रिल
चार पानं झाली. चारही छपरावर. कॅफेत फिर्मिनला वाचून दाखवली. हा माझा जुना जोडीदार, खाली शिडी धरायचा. म्हणाला, "आवर रे बाबा, ऐकता ऐकता माझी दाढी वाढली." शिडी धरणाऱ्याला छपरातलं काय कळणार. दुसरी बिअर घेतली, ती त्याचं मन राखायला.

१६ एप्रिल
टाउन हॉलच्या काउंटरवर जाऊन आलो. तिथल्या बाई म्हणाल्या, आजोबा, तारीख बरोबर आहे. आम्ही चर्चमधलं लग्न धरत नाही, इथल्या नोंदवहीतली सही धरतो, आणि तुमची सही आठ मेची आहे.
मी म्हटलं, सही म्हणजे का लग्न? सह्या मी गॅसच्या कागदांवरही केल्यात. लग्न झालं शनिवारी, चर्चमध्ये, घंटा वाजवून, वर साठ माणसांना कोळंबी भरलेले टोमॅटो. बाई म्हणाल्या, "टोमॅटोची नोंद आमच्याकडे नसते."
गप्प केलं त्यांना. तारीख बदलणार, असं चेहऱ्यावरून दिसलं.

२४ एप्रिल
गोडलीव्ह म्हणते, आठलाच जाऊ. मी म्हटलं, बोललोय मी त्यांच्याशी. म्हणाली, "तू बोललास. त्यांनी ऐकलं का?"
सूट काढला. पोटाशी आवळतो. कपाटात राहून कापड आटलं असणार. भाषण: नऊ पानं. पन्हाळ्यांचा भाग चांगला उतरलाय.

८ मे, बुधवार
दुपारी गोडलीव्ह निळा कोट घालून दारात. आमची हिल्डे आईला न्यायला गाडी घेऊन आलेली. गोडलीव्हने विचारलं, "येतोस? तीनला बोलावलंय." मी म्हटलं, अठराला. शिवाय मनोऱ्याचं पान अर्धंच होतं. हिल्डे म्हणाली, "बाबा, आजचा दिवस तरी हट्ट सोडा." गोडलीव्हने हातमोजे चढवले.
संध्याकाळी फुलं घेऊन आली. चुकीच्या दिवशी गेली, तरी त्यांनी बिचारीला रिकाम्या हाती धाडलं नाही. अठराला आणखी मिळतील.

१८ मे, शनिवार
तीनला हजर. गोडलीव्हही बरोबर आली. दारावरच्या माणसाने विचारलं, नवरीकडचे की नवऱ्याकडचे? मी म्हटलं, दोन्हीकडचे.
दालनात दुसऱ्याच कुणाचं लग्न लागत होतं. महापौरबाई सह्या घेत होत्या. गोडलीव्ह मागच्या बाकावर बसली, आपल्याच घरात बसावं तशी. मी भाषण काढलं, तोवर मंडळी तांदूळ उधळायला बाहेर गेली. तरी पहिलं पान वाचलं. झाडणारा माणूस होता. त्याने केर काढायचा थांबवला नाही.
बाहेर पायरीवर बसलो. विचारलं, आठला इथे काय झालं? म्हणाली, "महापौरबाईंनी विचारलं, यजमान कुठे आहेत? मग मी त्यांना आपली सही कशी झाली ते सांगितलं. तू तेव्हा इथेच, याच छपरावर होतास. शिडीवरून खाली आलास, कामाच्या कपड्यांत, केसांत सगळी धूळ. सही केलीस आणि पाच मिनिटांत परत वर. मी एकटीच रेनकोटात, बसने घरी."
मी म्हटलं, त्या दिवशी वारा पडला होता, काम खोळंबून चाललं नसतं. मग महापौरबाई काय म्हणाल्या?
"हसल्या. म्हणाल्या, पुढे? मी म्हटलं, पुढे काय, अजून खाली उतरला नाही."

१९ मे
भाषण पहिल्यापासून वाचून काढलं. एकोणीस पानं. छप्पर, पन्हाळी, मनोरा, पारवे. गोडलीव्हचं नाव सापडलं नाही.
ते विसाव्या पानावर येणारच होतं.